वांद्रे ‘मुंबईत’ नेमकं कधी आलं? चार कागद, चार पत्ते

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पणजोबांनी वांद्र्याला जागा घेतली, आता इमारतीचा पुनर्विकास निघालाय आणि घरातल्या ट्रंकेतून चार कागद बाहेर आले. १९१२च्या मोडी खरेदीखतावर ‘तालुका साष्टी, जिल्हा ठाणें’. १९३१च्या घरपट्टीच्या पावतीवर ‘बांदरा म्युनिसिपालिटी, जिल्हा मुंबई उपनगर’. १९५३ची पावती थेट मुंबई महापालिकेची. आणि १९७४च्या वाटणीपत्रात पुन्हा ‘मुंबई उपनगर’. बिल्डरच्या माणसाने पहिला कागद बघून तोंड वाकडं केलं, “वांद्रे कधी ठाण्यात होतं का?” म्हणाला. शिवाय क्षेत्रही जुळत नाही. यातला खोटा कागद कुठला, असं तुम्ही विचारताय.

पत्त्यांपुरतं बोलायचं तर चारही कागद खरे असू शकतात. उलट १९१२च्या खतावर ‘जिल्हा मुंबई उपनगर’ असं असतं, तर मी भुवई उंचावली असती, कारण तेव्हा तो जिल्हा जन्मालाच आला नव्हता. सह्या, शिक्के, नोंदणी क्रमांक खरे की नाहीत हे मूळ कागद हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून त्याबद्दल काही बोलत नाही.

मी पस्तीस वर्षं टायटल सर्चचं, म्हणजे जुन्या दस्तांवरून जागेची मालकी तपासायचं काम केलं, बहुतेक वांद्रे ते अंधेरी पट्ट्यात. उमेदवारीच्या दिवसांत वांद्र्याचं १९१४चं एक खत शोधायला मी तीन आठवडे फोर्टातली दप्तरं उपसत बसलो होतो. वांद्रे म्हणजे मुंबई, एवढंच माझ्या डोक्यात. शेवटी एका म्हाताऱ्या कारकुनाने चष्म्यावरून बघत विचारलं, “अरे, तेव्हा वांद्रे मुंबईत होतं कुठे?” तेव्हापासून कागद हातात आला की आधी साल बघायचं, मग पत्ता वाचायचा, ही सवय लागली ती लागलीच.

तुमचा गोंधळ होतोय कारण ‘वांद्रे मुंबईत कधी आलं’ या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. महसूल कुठल्या जिल्ह्यात भरायचा, हा पहिला. दिवाबत्ती, गटार, घरपट्टी कुणाकडे, हा दुसरा. आणि दस्त नोंदवायचा कुठे, हा तिसरा. तिन्ही हद्दी वेगवेगळ्या वेळी बदलल्या आणि एकमेकींशी त्या कधीच पूर्ण जुळल्या नाहीत.

महसुलापासून सुरुवात करू. माहीमच्या खाडीच्या अलीकडे मुंबई बेट, पलीकडे साष्टीचं बेट. वांद्रे साष्टीत. साष्टी पोर्तुगीजांकडे होती, १७३७ ते ३९च्या मोहिमेत मराठ्यांकडे आली, १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने ती कायमची त्यांच्याकडे राहिली. मुंबई बेट इंग्रजांना शंभरेक वर्षं आधी आंदणात मिळालेलं. म्हणून दोघांचा जमीन महसूल, मोजणी, हक्काचे प्रकार सगळंच निराळं. साष्टीचा कारभार ठाण्याहून चाले. तुमच्या पणजोबांनी १९१२ साली लिहिलेलं ‘तालुका साष्टी, जिल्हा ठाणें’ हे त्या काळचं बिनचूक लिखाण आहे.

१९२० साली साष्टीचे दोन भाग झाले. उत्तर साष्टी ठाण्याकडे राहिली आणि दक्षिण साष्टीचा, ८४ गावांचा, मुंबई उपनगर हा नवा जिल्हा झाला. म्हणून १९३१च्या पावतीवर जिल्हा बदललेला दिसतो. पुढे ‘दक्षिण साष्टी’ हे नाव मागे पडलं आणि तालुका म्हणून अंधेरी लिहू लागले. तुमच्या घरात १९२० ते १९४५च्या दरम्यानचा आणखी एखादा कागद असेल आणि त्यावर ‘तालुका दक्षिण साष्टी’ दिसलं, तर दचकू नका.

आता म्युनिसिपालिटी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण वांद्र्याची स्वतःची नगरपालिका होती हेच आता वांद्र्यात राहणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. वांद्रे म्युनिसिपालिटी १८७६ साली झाली. मुंबई शहराला स्वतःचा वेगळा कायदा होता, आजही चालतो तो १८८८चा. वांद्र्याला तो लागू नव्हता. वांद्रे, कुर्ला या नगरपालिका जिल्ह्याच्या नगरपालिकांच्या कायद्याखाली, म्हणजे कल्याण-भिवंडी ज्या रांगेत बसत त्याच रांगेत. शहराचा म्युनिसिपल कमिशनर खाडीपलीकडे कुणी नव्हता.

मग १८७६ सालीच वांद्र्याला नगरपालिका लागावी एवढी वस्ती आली कुठून? माझ्या मते तीन गोष्टींनी. पहिली, माहीमचा कॉजवे. तोवर खाडी होडीने ओलांडायची. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाच्या वर रुपये दिले, टोल घ्यायचा नाही अशी अट घातली आणि १८४५ साली रस्ता खुला झाला. दुसरी, बी.बी.सी.आय. रेल्वे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज. १८६७च्या एप्रिलात विरारहून मुंबईत रोजची गाडी सुरू झाली आणि वांद्र्यात राहून कोटात, म्हणजे फोर्टात, नोकरी करणं शक्य झालं. तिसरी गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. शहराला जे आपल्या अंगणात नको होतं ते खाडीपलीकडे आलं. आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर असताना, १८६०च्या दशकात, शहराचा कत्तलखाना वांद्र्याला आणला गेला. तो १९७१ साली देवनारला जाईपर्यंत तिथेच होता. म्हणजे कत्तलखाना मुंबई म्युनिसिपालिटीचा, आणि भोवतालचं गाव दुसऱ्याच म्युनिसिपालिटीचं! कुर्ला-चेंबूरकडे हेच कचऱ्याच्या बाबतीत झालं. शहराचा कचरा वाहायला तिकडे रेल्वे टाकली, तीवर माणसं बसायला लागली ती १९२४पासून. पाण्याची गोष्टही तशीच. विहार तलाव १८६०चा, तुळशी १८७९चा, दोन्ही साष्टीत, पण बांधले शहराच्या तहानेसाठी.

गावातल्या जुन्या माणसांना हा वेगळेपणा चांगला ठाऊक होता. माझ्या लहानपणी पार्ल्याच्या आत्या लोकल पकडताना “मुंबईला जाऊन येते” म्हणायच्या. आम्ही हसायचो. पण त्यांच्या हिशेबाने मुंबई माहीमच्या पुलापाशी सुरू व्हायची. ट्रामसुद्धा खाडी ओलांडून कधी आली नाही.

वांद्रे नगरपालिका जिथे कारभार बघत होती ते खरं तर पाखाड्यांचं, म्हणजे छोट्या वस्त्यांचं गाव. रणवार, चिंबई, पाली, शेर्ली, राजन, कांतवाडी ही नावं आजही गल्ल्यांमधून वाचायला मिळतात. ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि कोळी ही मूळ वस्ती. त्यांच्या घरांना अंगण, विहीर, समोर क्रूस. १९०१च्या खानेसुमारीत वांद्र्याची वस्ती २२ हजारांच्या आसपास होती. आज एखाद्या तालुक्याच्या गावी असते तेवढी, आणि नगरपालिकाही त्याच मापाची. १८९६ला मुंबईत प्लेग आला आणि ज्यांना परवडत होतं ते शहरातली दाटी सोडून मोकळ्या हवेला बाहेर पडले. वांद्र्याच्या टेकडीवरचे, समुद्राकडचे बंगले वाढत गेले ते त्यानंतर. तुमच्या पणजोबांची १९१२ची खरेदी याच लाटेतली असावी असं मला वाटतं, पण ते तुमच्याच घरातल्या आठवणींवरून ठरवा.

आता तुमची दुसरी अडचण, क्षेत्र का जुळत नाही. जागा गावठाणातली आहे की टी.पी. (टाउन प्लॅनिंग, म्हणजे नगररचना) स्कीममधली, यावर इथे सगळं उत्तर अवलंबून आहे, आणि तुम्ही ते लिहिलेलं नाही. १९१५ साली मुंबई प्रांताचा नगररचना कायदा आला आणि उपनगरात शेतं मोडून आखीव रस्ते, प्लॉट पाडायच्या योजना सुरू झाल्या. वांद्रे-खारला त्या खूप झाल्या. आजही लोक पत्त्यात ‘टी.पी.एस. तीन, तेहतिसावा रस्ता’ असं लिहितात, त्यातलं टी.पी.एस. ते हेच. खारचं स्टेशन १९२४चं, म्हणजे त्याच हालचालीतलं. या योजनेत होतं असं: तुमचा जुना सर्व्हे नंबर आधी ‘ओरिजिनल प्लॉट’ होतो. मग सगळ्यांच्या जागा एकत्र धरून रस्ते काढतात आणि उरलेल्यातून प्रत्येकाला ‘फायनल प्लॉट’ देतात. फायनल प्लॉट जुन्या जागेवरच मिळेल असं नाही, तेवढाच मिळेल असंही नाही. रस्त्याला गेलेली जमीन वजा होते, आकार चौकोनी होतो, कधी सीमा शेजाऱ्याच्या विहिरीपलीकडे सरकते.

त्यामुळे १९१२च्या खतात गुंठ्यांत असलेली जागा आणि १९५३नंतरच्या कागदावर चौरस वारांत असलेली जागा थेट ताडून बघू नका. एक चौरस वार म्हणजे नऊ चौरस फूट, गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. हे गणित करूनही फरक उरला, तर योजनेत वजा झालेली जमीन किती हे आधी काढा. मी पाहिलेल्या दहापैकी सात-आठ ‘गायब’ जागा अशाच रस्त्यात सापडल्या. तुमची जागा गावठाणात असेल तर मात्र हे कारण चालणार नाही. गावठाणात टी.पी. नसते. तिथे फरक दिसला तर वाटण्या, मध्येच विकलेली पडवी, विहिरीचा समाईक हक्क असल्या गोष्टी निघतात, आणि ते काम जास्त चिवट असतं.

नंबरांची साखळी साधारण अशी लागते: सर्व्हे नंबर आणि हिस्सा, मग फायनल प्लॉट, मग नगर भूमापन झाल्यावर सी.टी.एस. नंबर. यांच्या बाजूला नगरपालिकेचा घरक्रमांक स्वतंत्र धावत असतो. १९३१च्या पावतीवर जो आकडा आहे तो बहुधा घरक्रमांक असेल. त्याला सर्व्हे नंबर समजून सात-बारा शोधायला जाऊ नका. ही चूक वकीलही करतात.

१९५०कडे येऊ. इथे इंटरनेटवर हमखास घोळ दिसतो. कुणी लिहितं वांद्रे १९४५ला मुंबईत आलं, कुणी १९५०. १९४५ साल आहे बृहन्मुंबईच्या कायद्याचं, त्यात शहराचे कायदे आणि हायकोर्टाची हद्द उपनगरांपर्यंत नेण्याची तरतूद झाली. महापालिकेची हद्द प्रत्यक्ष वाढली ती १५ एप्रिल १९५० रोजी. त्या दिवशी वांद्रे, कुर्ला, पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ अशा नगरपालिका संपल्या आणि मुंबई महापालिकेत गेल्या. १ फेब्रुवारी १९५७ला दुसरी वाढ झाली, मालाड, बोरिवली, मुलुंडपर्यंत. बोरिवली तालुक्यातली बरीच गावं त्यासाठी १९५६ला ठाणे जिल्ह्यातून काढून घ्यावी लागली. बेटाचं शहर जेमतेम ७० चौरस किलोमीटर. दोन्ही वाढींनंतर महापालिका सुमारे ४३८ चौरस किलोमीटरची झाली. तुमच्या १९५३च्या पावतीवर महापालिका असणं म्हणूनच बरोबर.

या दोन तारखांतला फरक तुमच्या उपयोगाचा आहे. बोरिवलीचा कुणी नातेवाईक तुम्हाला सांगेल की आमच्या १९५३च्या कागदावर तर ठाणं आहे. तेही खरं, तुमचंही खरं. ‘उपनगर मुंबईत आलं’ असं एका तारखेत बोलणारा माणूस एक तर वांद्र्याचा असतो, नाहीतर बोरिवलीचा!

विलीनीकरण का झालं, यावर मी ऐकलेल्या वादांत दोन्ही बाजूंना थोडं तथ्य आहे. १९२५ला विजेवरची पहिली गाडी व्ही.टी. ते कुर्ला धावली, १९२८च्या सुरुवातीला पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत वीज आली. लोक उपनगरात निजायचे आणि शहरात कमवायचे. पाणी शहराचं, रेल्वे शहराकडे नेणारी, गटारं मात्र ज्याची त्याची. फाळणीनंतर निर्वासित आले, त्यांच्या वसाहती उपनगरातच झाल्या. एवढा बोजा छोट्या नगरपालिकांना पेलणारा नव्हता. अभियंता मोडक आणि नगररचनाकार मेयर यांनी बृहन्मुंबईचा जो आराखडा मांडला त्यात बेट आणि उपनगरं एकच क्षेत्र धरली आहेत. दुसरीकडे, आपल्या गल्लीतला नगरसेवक जाऊन बोरीबंदरासमोरच्या दगडी इमारतीत बसलेला साहेब आला, ही तक्रार जुन्या वांद्रेकरांकडून मी पुष्कळ ऐकली. मला विचाराल तर पाण्यासाठी विलीनीकरण अटळ होतं. पण गल्लीची माहिती असलेला कारभार तेव्हा गेला तो गेलाच, आणि त्याची किंमत सर्च करताना मी रोज मोजली. जुन्या आकारणी नोंदवह्यांत घरमालकाच्या नावापुढे ‘विहिरीशेजारी’, ‘क्रूसाच्या मागे’ असं लिहिलेलं असे. नंतरच्या नोंदीत नुसता नंबर.

राहिला १९७४चा कागद. १९५०नंतरही तिथे ‘मुंबई उपनगर’ कसं? हा सुरुवातीच्या तिनांतला तिसरा प्रश्न, नोंदणीचा. दस्तांमध्ये वकील एक ठरलेलं वाक्य लिहितात: ‘नोंदणी जिल्हा व उपजिल्हा मुंबई शहर व मुंबई उपनगर’. महसुली जिल्हा विलीन होऊन बृहन्मुंबई झाला, तरी नोंदणीच्या भाषेत ‘उपनगर’ राहिलंच. तुमच्या वाटणीपत्रात ते या वाक्यातूनच आलं असणार. वाक्याच्या आधी ‘नोंदणी जिल्हा’ हे शब्द आहेत का बघा. आणि सावध राहा, कारण १ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबईचे पुन्हा दोन जिल्हे झाले आणि दुसऱ्याचं नाव पडलं, मुंबई उपनगर. म्हणजे १९३१चं ‘मुंबई उपनगर’, १९७४चं आणि १९९५चं हे तीन वेगळे अर्थ आहेत. नावावर जाऊ नका, सालावर जा.

आणखी एक विचारून घ्या: पणजोबांचं मृत्युपत्र आहे का? त्या काळच्या कायद्याने मुंबई बेटावरच्या स्थावराबद्दल हिंदू माणसाने मृत्युपत्र केलं तर हायकोर्टातून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, लागे. उपनगर हायकोर्टाच्या मूळ हद्दीबाहेर होतं, त्यामुळे वांद्र्याच्या जागेपुरती ती सक्ती नसे. हायकोर्टाची ती हद्द वाढण्याआधी पणजोबा गेले असतील आणि प्रोबेट सापडत नसेल, तर ती त्रुटी आहेच असं नाही. साल आणि मिळकत बघूनच ते ठरतं, तेव्हा हा मुद्दा माझ्या भरवशावर न ठेवता वकिलाला दाखवा.

शोध कुठून सुरू कराल? मी असतो तर १९७४पासून मागे गेलो असतो, १९१२पासून पुढे नाही. आधी वांद्र्याच्या नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्डाची नक्कल काढा. त्यावर सी.टी.एस. नंबर आणि धारकांची नावं मिळतील. जुनी नोंद पुसट असली तर मूळ चौकशी नोंदवहीचा उतारा मागा. मग महापालिकेच्या एच वॉर्डात, पूर्व की पश्चिम ते जागेवरून ठरेल, आकारणीचा उतारा मागा. वांद्रे नगरपालिकेच्या काळातली नोंद मिळेल की नाही हे नशीब आणि वाळवी यांच्यावर आहे. एका कचेरीत मला तीनदा ‘रेकॉर्ड जीर्ण’ असं उत्तर मिळालं होतं आणि चौथ्या खेपेला तीच नोंदवही खिडकीच्या फळीखाली टेकू म्हणून सापडली, तेव्हा एका नकाराने परतू नका. टी.पी. स्कीम असेल तर महापालिकेच्या विकास नियोजन खात्याकडून योजनेचा नकाशा आणि ‘बी’ फॉर्मचा उतारा मिळवा. ओरिजिनल प्लॉट आणि फायनल प्लॉट त्यात समोरासमोर असतात. १९१२च्या खताची नोंद शोधताना मात्र ‘मुंबई’ हा शब्द विसरा. खताच्या मागच्या बाजूला नोंदणीचा शेरा असतो, त्यात कार्यालयाचं नाव, बुक नंबर आणि पानं असतात. त्यावरून जायचं.

आणि मोडी कुणाकडून वाचून घेतलंत तेही बघा. वाचणाऱ्याला साष्टीच्या गावांची नावं ठाऊक नसली तर ‘दांडे’चं ‘दादर’ व्हायला वेळ लागत नाही. मी स्वतः एकदा ‘चुईम’ गावाचं भलतंच काही वाचून अशिलाला निम्मी मुंबई फिरवली आहे.

तुम्ही खताचा पहिला भागच टाकला आहे. चतुःसीमेच्या चार ओळी, पूर्वेस कोण, पश्चिमेस काय, तेवढ्या टाइप करून टाका. माणसांची नावं झाकली तरी चालेल. त्यात ‘रस्ता’ असेल की ‘पाखाडीची वाट’, यावरून तुमची जागा गावठाणात होती की शेतात, हे मी बसल्या जागी सांगू शकेन.